अक्काच्या रानातला खांब

नांदेडच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. अर्धी जिंदगी मुलांच्या चुका काढण्यात गेली आणि उरलेली मुलांना वर्गात बसवण्यात. त्यामुळे संगणक विभागाचे सर एक दिवस आमच्या स्टाफरूममध्ये आले आणि म्हणाले, "मॅडम, एका मशीनला मराठी शिकवायची आहे," तेव्हा मला वाटलं, सर चेष्टा करतायत. सर चेष्टा करणाऱ्यातले नव्हते. फेसबुकवर, व्हॉट्सअॅपच्या मोठमोठ्या ग्रुपांवर हवामान बदलाबद्दल जे खोटंनाटं फिरतं, ते आपोआप ओळखणारं मशीन त्यांना बनवायचं होतं. इंग्रजी मजकुरासाठी अशी मशीनं होती. आपल्या लोकांच्या मराठीपुढे मात्र ती हात टेकायची.

"मला मोबाइलचा आवाजसुद्धा धड कमी करता येत नाही," मी म्हणाले.

"तुम्ही फक्त खरं-खोटं बघायचं," सर म्हणाले.

काम समजायला सोपं निघालं. मशीनला स्वतःची अक्कल नसते. माणसांनी हजारो मजकूर वाचायचे, प्रत्येकावर शिक्का मारायचा: खोटं, खरं किंवा नुसतं मत. ते शिक्के बघून बघून मशीन शिकतं आणि पुढे नवा मजकूर आला की स्वतः अंदाज बांधतं. शिक्के मारायला आमचेच विद्यार्थी होते, भोकर, मुखेड, देगलूरकडची शेतकऱ्यांची पोरं-पोरी. मी त्यांचं काम अधूनमधून तपासायची. पवनचक्क्या ढगांना ढकलून देतात, विमानातून भुकटी फेकून पाऊस पळवतात, ऊन वाढलं हे परदेशी लोकांचं थोतांड आहे, असलं काय काय वाचून माझा पारा चढायचा. मी मोठ्यानं बडबडायची आणि पोरं हसायची. खरं सांगायचं तर ते दिवस छान होते. आपण काहीतरी उपयोगाचं करतोय, असं मला फार वर्षांनी वाटत होतं.

मशीन थोडं शहाणं झालं तेव्हा सरांनी आम्हाला तपासून बघायला एक पान दिलं. मोबाइलवर ते उघडायचं, कुठलाही मजकूर त्यात टाकायचा. मजकूर खोटा वाटला तर लाल रंग यायचा आणि खाली 'दिशाभूल' असं लिहिलेलं. नाहीतर हिरवा, आणि खाली 'दिशाभूल आढळली नाही'. मी ते कौतुकानं अक्काला सांगितलं. अक्कानं दाजींना सांगितलं आणि दाजींनी गावभर.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, निलंगा तालुक्यात दिलेली. तिचं शिक्षण शाळेतच थांबलं, पण माझं थांबू दिलं नाही ते तिनंच. तिच्या आयुष्यात मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्या भागात घरात कुणी जेवत नाही. लातूरसारखं शहरसुद्धा ओस पडतं. रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडून पूजा करायची, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, ताकातली आंबील असं जेवण. बांधावरून जाणाऱ्या माणसाला हाक मारायची, ओळख असो-नसो, आणि त्यानं जेवायला यायचं. त्या दिवशी कुणी कुणाला नाही म्हणत नाही. अक्काच्या हातची भज्जी पंचक्रोशीत नावाजलेली. तिच्या कोपीपाशी दुपारभर पंगती उठायच्या. पहिल्या पंगतीला गावातले भजनी बुवा बसायचे, त्याशिवाय ती दुसऱ्या कुणाला वाढायची नाही. संध्याकाळी मोकळ्या पातेल्यांकडे बघून ती जी हसायची, ते हसू मी तिच्या लेकीच्या लग्नातही पाहिलं नाही.

त्याच रानाच्या कोपऱ्यात तो खांब होता. एका खासगी कंपनीच्या माणसांनी दाजींना विचारून उभा केलेला, पांढरा, वर गरगर फिरणाऱ्या वाट्या, मध्ये एक डबा आणि सूर्यावर चालणारी पट्टी. पाऊस, वारा, ऊन मोजायचं आणि आकडे कंपनीला पाठवायचे एवढंच त्याचं काम. दाजींना मोबाइलवर ते आकडे दिसायचे. दाजींना त्याचं भारी वेड लागलं. सकाळी चहाच्या हॉटेलात जाऊन ते काल किती मिलिमीटर पडला ते जाहीर करायचे. गावानं त्यांचं नावच 'मिलिमीटर' ठेवलं. "आले मिलिमीटर, चहा टाका," असं म्हणत लोक त्यांना जागा करून द्यायचे. दाजी चिडायचे नाहीत. त्यांना ते नाव आवडायचं.

मग ते वर्ष आलं. पेरण्या झाल्या, सोयाबीन गुडघ्याला लागलं, आणि पाऊस गेला तो गेलाच. रोज ढग यायचे, अंधार करायचे आणि निघून जायचे. शेजारच्या शिवारात पडायचा, इथं नाही. आम्ही ज्यावर 'खरं' असा शिक्का मारत होतो तेच इथं डोळ्यांसमोर घडत होतं: पावसाचे लांबलांब खंड. पण तहानलेल्या पिकाकडे बघत बसलेल्या माणसाला लांबचं कारण पटत नाही. त्याला जवळचं कारण लागतं, हात लावता येईल असं. रेणापूरकडून फिरत फिरत एक मजकूर गावच्या ग्रुपवर आला आणि लोकांना ते कारण मिळालं.

महालक्ष्म्यांसाठी मी अक्काकडे गेले होते. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा आणि गावातली चार जाणती माणसं ओट्यावर येऊन बसली. चहा झाला. बराच वेळ कुणी मुद्द्याला हात घालेना. शेवटी बुवांनीच मोबाइल काढला आणि तो मजकूर वाचून दाखवला. 'राम कृष्ण हरी माऊली. सर्व शेतकरी बांधवांना कळकळीची विनंती. आपल्या शिवारात कंपन्यांनी जे पांढरे खांब रोवले आहेत, त्यातून लहरी सोडून ढग पळवले जातात. जिथे खांब तिथे पाऊस नाही. हवामान बदल हे निव्वळ थोतांड आहे. जागे व्हा.'

"तर तेवढा खांब काढून टाका," बुवा म्हणाले. "भांडायला न्हाई आलाव आमी. इनंती करायलाव."

दाजी हसले. त्यांना मुळीच भीती वाटली नव्हती, उलट आनंदच झाला होता. त्यांनी मला हाक मारली, "मास्तरीणबाई, या की बाहीर. तुमचं मशीन घेऊन या."

मी गेले. मलाही आनंदच झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. दाजींनी सगळ्यांना ऐकवलं की, माझी मेव्हणी नांदेडला असलं खोटं पकडायचं मशीन बनवायलीय, आता दूध का दूध आणि पानी का पानी होऊन जाऊ द्या. दाराआड अक्का आणि शेजारच्या दोन बायका उभ्या होत्या. बुवांनी तो मजकूर मला पाठवला. मी तो जसाच्या तसा त्या पानात टाकला आणि मोबाइल सगळ्यांना दिसेल असा मध्ये धरला.

हिरवा रंग आला. 'दिशाभूल आढळली नाही.'

मी पुन्हा टाकला. पुन्हा हिरवा.

"याचा अर्थ ते खरं आहे असा नाही," मी घाईघाईनं म्हणाले. "मशीनला फक्त पकडता आलं नाही. अजून ते शिकतंय. तो खांब नुसता पाऊस मोजतो, त्यातून काही बाहेर निघत नाही." मी खूप बोलले. वर्गात बोलते तसं, आवाज चढवून. जितकं बोलत गेले तितकं ते पडेल वाटायला लागलं. कुणी मला तोडलं नाही, कुणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं.

"बाई," बुवा शांतपणे म्हणाले, "आमी आडाणी मान्सं. पर तुमचं मशीन तर शिकल्यालं हाय न्हवं? ते म्हणायलंय, ह्याच्यात खोटं न्हाई. मग आमी काय म्हणावं?"

माणसं उठली. दाजी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले नाहीत, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आतून अक्का मला म्हणाली, "जाऊ दे गं. जेव तू." तिच्या आवाजात राग नव्हता. 

नांदेडला परतल्यावर मी सरांच्या मागेच लागले. तोच मजकूर आम्ही पुन्हा टाकला: हिरवा. मग मी एकेक वाक्य काढून बघायला लागले. ढग काढले, लहरी काढल्या, हिरवाच. पहिली ओळ काढली, 'राम कृष्ण हरी माऊली', आणि मशीन लालभडक झालं. ओळ परत जोडली, हिरवं. मग खात्रीसाठी मी लिहिलं, 'राम कृष्ण हरी. उद्यापासून सूर्य रेणापुरात उगवणार आहे.' हिरवं. सर डोक्याला हात लावून बसले. लिंगायतांचा नमस्कार असतो तो, 'शरणु शरणार्थ', लिहून तेच टाकलं. तेही हिरवं.

पोरांना बोलावलं. भोकरकडची एक मुलगी होती, कामात सगळ्यात चोख. तिनं शिक्के मारलेले मजकूर आम्ही पुढ्यात ठेवले. देवाचं नाव घेऊन सुरू होणारा एकही मजकूर तिनं 'खोटं' म्हटलेला नव्हता. सगळे 'नुसतं मत'. बाकीच्यांनीही तेच केलेलं. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, ठरवलं तर मुळीच नव्हतं.

"मॅडम," ती खाली बघत म्हणाली, "असं लिव्हणारी मान्सं मोठी असतेत. आमचे आजोबा असंच लिव्हतेत. देवाचं नाव घेऊन लिव्हल्यालं खोटं हाय, असं कसं म्हणायचं?"

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मीही त्याच घरांतून आलेय. माझ्या वडिलांसमोर मी कधी 'तुम्ही खोटं बोलताय' असं म्हणाले नसते, बोलत असते तरी. आमच्याकडे वडीलधाऱ्याला खोटं पाडत नाहीत, गप्प बसतात. पोरं गप्प बसली आणि मशीननं त्यांच्याकडून नेमकं तेच उचललं: देवाचं नाव घेणारा खोटं बोलत नाही. आजवर कुठल्याच वर्गात माझे संस्कार इतके नीट कुणी गिरवले नव्हते.

ते सगळे मजकूर आम्ही पुन्हा वाचले, शिक्के बदलले आणि मशीनला पुन्हा शिकवलं. आता खांबाचा मजकूर टाकला की पापणी लवायच्या आत लाल व्हायचा. त्या लाल पानाचा फोटो मी दाजींना पाठवून दिला. दोन-तीन दिवस काही कळलं नाही, म्हणून फोन केला. अक्कानं उचलला.

"दाखिवलं त्यांनी," ती म्हणाली. "हाटेलात समद्यांला दाखिवलं. मान्सं म्हणाली, आदी हिरवं होतं, आता तांबडं कसं झालं? मेव्हणीनं दाजीसाठी फिरवलं म्हणायलेत."

"अक्का, चूक दुरुस्त केली. फिरवलं नाही."

"मला कळतंय गं माय. त्यांला कोण सांगंल?"

त्यानंतर हॉटेलात दाजींना 'मिलिमीटर' म्हणणं बंद झालं. आडनावानं हाक मारायला लागले. आमच्याकडे माणूस परका झाला की त्याला आडनावानं बोलावतात.

वेळ अमावस्येला मी लातूरला एसटी बदलून सकाळीच अक्काच्या गावी पोचले. अक्कानं नेहमीसारखाच स्वयंपाक केला होता. मी म्हणाले, "एवढं कशाला?" ती म्हणाली, "आजच्या दिशी कोण न्हाई म्हणतंय?" तिचा त्यावर ठाम विश्वास होता. गावात काहीही भांडण असो, या दिवशी बांधावर अबोला धरत नाहीत, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

पूजा झाली. दाजींनी पिकावर आंबील शिंपडली. खांबावरच्या वाट्या उन्हात फिरत होत्या. अक्का बांधावर जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायला लागली. "या हो जेवाया." लोक थांबायचे, हात जोडायचे. "आत्ताच जेवलाव, वयनी." "पोट भरलंय बगा." कुणी वाईट बोललं नाही. एका म्हातारीनं आंबिलीचा घोट घेतला आणि इकडेतिकडे बघून लगबगीनं निघून गेली. पलीकडच्या रानात पंगत बसलेली दिसत होती. बुवांचा पांढरा फेटा इथून ओळखू येत होता. अक्कानं त्यांनाही हाक मारली. वारा तिकडचा होता, कदाचित ऐकू गेलं नसेल.

दुपार उतरली तरी भज्जीचं पातेलं तसंच होतं. आम्ही तिघं जेवलो. अक्का रडेल असं मला वाटलं होतं, पण ती रडली नाही. ती झाकण्या घालत राहिली, एकावर एक, आणि मग दाजींना म्हणाली, "त्यो खांब काढा."

"अगं, त्याचा काय गुन्हा?" दाजी म्हणाले.

"मला ठाव न्हाई. काढा."

गाव करी ते राव न करी म्हणतात. उन्हाळ्यात कंपनीची माणसं आली आणि खांब घेऊन गेली. जाताना त्यांनी दाजींच्या मोबाइलवरचे आकडेही बंद केले. मी मध्ये गेले होते तेव्हा दाजी खांबाच्या खड्ड्यात माती लोटत होते. माझ्याशी हवापाण्याचं काही बोलले नाहीत. 

आणि मग पाऊस आला. आला म्हणजे कोसळला. सुरुवातीला बेताचा, मग मध्ये मोठा खंड आणि काढणीच्या तोंडाला असा आला की ओढे रानात शिरले. सोयाबीनला शेतातच कोंब फुटले. आम्ही 'खरं' असा शिक्का मारलेल्या मजकुरांत हे सगळं अगोदरपासून होतं. किती पडला ते मात्र गावात कुणालाच सांगता आलं नाही, कारण मोजायला काही उरलं नव्हतं. पण विहिरी तुडुंब झाल्या, तलाव भरला आणि गावात एकच बोलणं सुरू झालं. बघा, खांब निघाला आणि पाऊस आला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पण ज्यांनी फांदी तुटताना पाहिली त्यांना हे सांगणार कोण? मी अक्काला फोनवर एकदा समजावून बघितलं. ती "हाव, हाव" म्हणत राहिली आणि मग तिनं माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली.

पुढच्या वेळ अमावस्येला मी पोचले तोवर कोपीपाशी पहिली पंगत बसलेली होती. बुवा मध्यभागी होते. त्यांनी मला बघून हात जोडले आणि शेजारी जागा करून दिली. माणसं येत होती, जेवत होती, उठत होती. अक्का घामानं डबडबली होती, पदर खोचलेला, हातात पळी, आणि तोंडभर ते हसू. मागच्या वर्षाचा विषय कुणी काढला नाही. हॉटेलवाल्यानं उठता उठता दाजींना हाक मारली, "मिलिमीटर, उद्या या चहाला." दाजी हसले. पण त्यांच्याकडे सांगायला आकडा नव्हता.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटतही होतं. मी अक्काला वाढायला मदत करत होते. गर्दी जरा कमी झाली तशी ती मला बाजूला घेऊन बसली, माझ्या पुढ्यात ताट ठेवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

"तू उगं जिवाला लावून घेतलंस," ती म्हणाली. "वरीसभर झुरत राहिलीस, मला कळंना व्हय? एक सांगू का? तुजं मशीन चुकलंच नव्हतं. खांब काढला अन् पाऊस आला की न्हाई? पहिल्या बारीला बोललं, तेच खरं होतं त्याचं."

माझं सगळं शिक्षण जिच्यामुळे झालं, तिचा तो हात माझ्या पाठीवर होता. तिच्या पुढ्यात मोकळी पातेली होती. मी तिला खोटं पाडलं नाही. मी म्हणाले, "हाव, अक्का," आणि जेवायला लागले.